कासांद्रो : लिपस्टिक लावून लढणारा पैलवान

खासबागचा_पोर

डब्ल्यूडब्ल्यूईच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहिलं की फ्री स्टाईलमधे गे लोक आत्ता आत्ता आले, २०१३ ला तिथल्याच डॅरेन यंग या रेसलरनं एअरपोर्टवर कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं तेव्हापासून. तिथं उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढू, नाहीतर तिथले अंडरटेकरचे फॅन मला हाणतील.

तर हा माणूस बघा. साऊल आर्मेंदारिझ, जन्म २० मे १९७०, गाव एल पासो, टेक्सास. गाव अमेरिकेत, पण नदी ओलांडली की पलीकडे मेक्सिकोचं सिउदाद हुआरेझ, आणि ह्याचं सगळं लहानपण या काठावरून त्या काठावर गेलं. हुआरेझला लुचा लिब्रेचं वेड, म्हणजे त्यांची मुखवटेवाली फ्री स्टाईल. पोरगं शाळा सोडून तालमीत जाऊन बसलं. १९८८ ला पहिल्यांदा रिंगमधे उतरला तो मिस्टर रोमानो नावानं, तोंडावर मुखवटा, काम व्हिलनचं. यांच्यात दोन पार्ट्या असतात, टेक्निको म्हणजे सज्जन, नियमानं खेळणारे, आणि रुडो म्हणजे डोळ्यात बोटं घालणारे. आणि या दोघांच्या जोडीला तिसरी एक जात, एक्सोतिको. पिसं, चमकी, लिपस्टिक, ठुमकत येणार, समोरच्याचा मुका घेणार, पब्लिक हसणार, घाण घाण शिव्या घालणार, आणि शेवटी बहुतेक वेळा कुणीतरी दणकट गडी त्याला आपटून घरी पाठवणार.

हे चाळीसच्या दशकापासून चालू आहे. टेक्सासचाच एक स्टर्लिंग डेव्हिस मेक्सिकोत जाऊन पब्लिकमधे गार्डेनियाची फुलं उधळायचा, म्हणून नाव पडलं गार्डेनिया डेव्हिस. त्याच सुमाराला अमेरिकेत गॉर्जस जॉर्ज, सोनेरी कुरळे केस, झुळझुळीत झगा आणि पुढे नोकर अत्तर फवारत येणार. टीव्ही नवा नवा होता, या माणसाला शिव्या घालायला लोक टीव्ही लावायचे. पण हे सोंग होतं, रिंगबाहेर हा बायको असलेला माणूस. मेक्सिकोतले जुने एक्सोतिको पण मुलाखतीत आवर्जून सांगायचे की आम्ही तसले नाही हां, हे फक्त रिंगपुरतं.

साऊल मात्र तसलाच होता आणि त्याला ते लपवायचं नव्हतं. बेबी शॅरन नावाच्या एका एक्सोतिकोनं त्याला भरीला घातलं की मुखवटा काढ आणि आमच्यात ये. मग तो हुआरेझमधे रोसा साल्वाहे म्हणून उतरला, अंगात आईचा ब्लाउज आणि मागे लोळत बहिणीच्या झग्याचा सोगा, तिकडे मुलींचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात त्यातला. पुढे नाव बदलून कासांद्रो केलं. ते घेतलंय तिहुआनातल्या एका कुंटणखान्याच्या मालकिणीवरून, तिचं नाव कासांद्रा, ती गोरगरिबांना मदत करायची म्हणून याला तिचं कौतुक.

आता माझा मुद्दा. या धंद्यात निकाल आधी ठरतो हे शेंबड्या पोराला पण माहितीये, सगळी नुरा कुस्ती. मग चॅम्पियन झाला तर त्यात काय एवढं, असं वाटणार. मला नेमकं उलटं वाटतं. खऱ्या कुस्तीत तुम्ही गे असा नाहीतर कुणी असा, समोरच्याची पाठ मातीला लावलीत की पंचाला तुमचा हात वर करावाच लागतो, त्याला आवडो न आवडो. इथं हात कुणाचा वर करायचा ते प्रमोटर ठरवतो आणि गल्ल्याचा हिशोब करून ठरवतो. म्हणजे ज्याला आजवर हसं करून घ्यायला आणि हरायला ठेवलं त्याला पट्टा द्यायचा तर आधी कुणातरी पैसेवाल्याला पटावं लागतं की उद्या लोक याला बघायला तिकिटं काढतील. ते पटवायचं कसं, तर रोज रात्री हरत हरत. हे मला खऱ्या कुस्तीपेक्षा अवघड वाटतं, हाणा मला.

जानेवारी १९९१ मधे मेक्सिको सिटीत त्याची कुस्ती लागली एल इहो देल सांतोबरोबर. सांतो म्हणजे मेक्सिकोचा चांदीच्या मुखवट्याचा देव, हा त्याचा मुलगा. बातमी फुटल्यावर बोंबाबोंब, एक्सोतिको सांतोच्या पोराबरोबर कसा काय लढणार म्हणून. पोराचं वय वीस. ते सगळं त्याला इतकं असह्य झालं की मॅचच्या आठवडाभर आधी त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. पिंपिनेला एस्कार्लाता हा त्याचा दोस्त, तोही एक्सोतिको, त्यानं वेळेवर गाठला म्हणून वाचला. आणि मग उतरला, लढला, हरला. पण त्या रात्रीनंतर त्याला कुणी जोकर म्हटलं नाही. पुढच्याच वर्षी, १९९२ ला, यूडब्ल्यूए कंपनीची लाइटवेट वर्ल्ड चॅम्पियनशिप. एक्सोतिकोनं वर्ल्ड टायटल जिंकायची ही पहिली वेळ. २०११ ला परत एनडब्ल्यूए या दुसऱ्या संस्थेचं वेल्टरवेट टायटल.

मधली वर्षं दारू आणि ड्रग्जमधे गेली, २००३ च्या जूनमधे सोडलं ते सोडलं. यूडब्ल्यूए १९९५ मधे बंद पडली, त्यानंतर बहुतेक काळ हा मोकळाच, आज इथं उद्या तिथं, जो बोलवेल त्याच्या रिंगमधे, मेक्सिको, अमेरिका, युरोप. गुडघ्यांची वाट लागली, दात गेले. २०२१ ला स्ट्रोक आला, बोलण्यावर परिणाम झाला. २०१८ ला मारी लोसिए या बाईनं त्याच्यावर १६ एमएम फिल्मवर डॉक्युमेंटरी केली आणि २०२३ ला प्राइमवर सिनेमा आला, गाएल गार्सिया बेर्नाल आहे त्यात. सिनेमा बरा आहे. डॉक्युमेंटरी आधी बघा, त्यात खरा माणूस आहे आणि त्याचे खरे गुडघे आहेत.

---

टेन_स्पोर्ट्सची_पिढी

पहिला मी!! मस्त लिहिलंयस रे.

यावरून डब्ल्यूडब्ल्यूईमधली बिली आणि चक ही जोडी आठवली. २००२. एकसारख्या लाल चड्ड्या, एकमेकांना स्ट्रेचिंग करून देणार, आणि मग स्मॅकडाऊन या त्यांच्या टीव्ही शोमधे त्यांचं लग्न. आमच्याकडे केबलवर ते लागलं होतं तेव्हा बाबा मागून चालले होते, मी इतक्या फास्ट चॅनल बदललं की रिमोटचं बटण आत गेलं. आणि शेवटी ऐन वेळी दोघं म्हणाले आम्ही गे नाहीच, हा पब्लिसिटी स्टंट होता. लग्न लावणारा म्हातारा पाद्री रबराचा मुखवटा फाडतो तर आत एरिक बिशॉफ, कंपनीच्याच दुसऱ्या शोचा व्हिलन बॉस. तेव्हा लय भारी वाटलं होतं. आता कळतं की त्यांनी गे लोकांच्या संघटनेला, ग्लाडला, आधी सांगून त्यांचा पाठिंबा मिळवला होता आणि मग तोंडावर पाडलं. ते लोक जाम भडकले होते.

त्याच्याआधी गोल्डडस्ट, विग आणि तोंडाला रंग लावून बायकी चाळे करत येणारा. रेसलर्सच्या ट्रम्प कार्डमधे त्याचं कार्ड आलं की आम्ही पोरं एकमेकांच्या अंगावर फेकायचो, तुला घे तुला घे. कुणी शिकवलं नव्हतं.

---

निरर्थक_बडबड

खोटी कुस्ती, खोटे पट्टे, त्यात आता हे. धागा काढायला विषय संपले का? आमच्या गावच्या जत्रेत या कासांद्रोला उभा करा, दोन मिनिटात कळेल वर्ल्ड चॅम्पियन कोण ते. बाकी चालू द्या.

---

डॅलसचा_दिनू

@निरर्थक, आपण एकदा रिंगच्या कडेला बसून बघा आणि मग खोटी म्हणा. इथं टेक्सासमधे लुचाचे छोटे छोटे शो असतात, कुठं फ्ली मार्केटमधे, कुठं शाळेच्या हॉलमधे, फोल्डिंग खुर्च्या, टॅको, पोरंटोरं मुखवटे घालून हुंदडतायत. मी मुलाला घेऊन गेलो होतो. रिंग म्हणजे काय असतं, लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास. टीव्हीवर धप्प आवाज येतो तो गादीचा वाटतो, जवळून ऐकला तर फळीचाच आहे. आणि हे लोक वरच्या दोरावरून रिंगच्या बाहेर उडी मारतात, खाली सिमेंट, झेलणाऱ्यानं जरा इकडेतिकडे केलं की मान गेली. निकाल ठरलेला असतो, गुरुत्वाकर्षण नाही.

एक एक्सोतिको होता त्या शोमधे, नाव लक्षात नाही. पुढच्या रांगेत एक आजी होत्या, सत्तरीच्या तरी असतील, त्या त्याला स्पॅनिशमधे अशा काही शिव्या घालत होत्या की माझ्या शेजारचा मेक्सिकन माणूस लाजला. तो रिंगमधून उतरला, सरळ आजींच्या मांडीवर जाऊन बसला आणि गालावर मुका घेतला. आजी खूश. मॅच संपल्यावर त्याच आजी त्याच्याबरोबर फोटो काढायला रांगेत उभ्या, आणि फोटोचे पैसे देऊन हां. तेव्हा डोक्यात आलं की शिवी देणं हा पण तिकिटातलाच भाग आहे, आणि ती कुठं थांबवायची ते रिंगमधल्या माणसाच्या हातात असतं. असायला पाहिजे. नेहमी असतं असं नाही, मागे काही टवाळ पोरं होती, त्यांचं शिव्या देणं वेगळं होतं, आणि मुलगा मला विचारायला लागला ते काय म्हणतायत.

---

तुणतुणं

छान ओळख. वाचताना सारखे गणपत पाटील डोळ्यासमोर येत होते. आपल्या तमाशापटातला नाच्या म्हणजे तेच, पब्लिकला हसवायचं, टोमणे खायचे. कोल्हापूरचा हा माणूस, खऱ्या आयुष्यात संसारी, मुलंबाळं असलेला, पण "अगं बाई" म्हणत टाळी वाजवली की थिएटर डोक्यावर घ्यायचे. आणि त्या भूमिकेचा शिक्का त्यांना जन्मभर पुसता आला नाही, लोक घरच्यांना पण बोलायचे.

म्हणजे गॉर्जस जॉर्ज सोंग करून श्रीमंत झाला आणि आपल्याकडे सोंग करणाऱ्यालाच लोकांनी खरं धरून छळलं. आणि कासांद्रो खराच असून त्यानं सोंगाचा फायदा उठवला. हे तीन प्रकार एकमेकांशेजारी ठेवले की गंमत वाटते.

अवांतर: सोगा हा शब्द किती दिवसांनी वाचला.

---

खासबागचा_पोर

@तुणतुणं, गणपत पाटलांचं डोक्यात आलं होतं, लांबेल म्हणून टाळलं. फरक एवढाच की नाच्याला कधी नायक होता आलं नाही. त्याला पट्टा नव्हताच.

@दिनू, जबरी. आजी ग्रेट.

@टेन स्पोर्ट्स, रिमोटचं बटण =)) =))

---

वस्ताद_निवृत्त

लेख वाचला. माहिती चांगली आहे पण पैलवान हा शब्द जपून वापरा. मी स्वतः तालमीत आयुष्य काढलंय. पहाटे चारला उठून जोर-बैठका, हौद्यात माती उकरणे, थंडाई वाटणे, वस्तादाच्या लाथा खाणे, यातून पैलवान होतो. दारासिंग आणि किंगकाँग मुंबईत वरळीच्या स्टेडियमवर लढायचे तेव्हाही आमचे वस्ताद म्हणायचे की बघायला जा पण शिकून येऊ नका.

तरी एक गोष्ट पोराची पटली. आमच्या मातीतही कुस्ती खरी असली तरी जोड खरी असतेच असं नाही. जत्रेच्या मैदानात कुणाची जोड कुणाशी लावायची, कितव्या नंबरची इनामाची कुस्ती कुणाला द्यायची, हे कमिटी ठरवते. मी असे पोरगे पाहिलेत की अंगात रग होती, डाव होते, पण मागे गाव नाही, आमदार नाही, म्हणून दुपारी तीनच्या उन्हात शंभर-दोनशे रुपयाच्या कुस्त्या मारत बसले आणि संध्याकाळच्या मोठ्या कुस्तीला त्यांना कधी कुणी बोलावलंच नाही. चितपट करायचं तर आधी समोर कुणी उभा तर केला पाहिजे. त्या सांतोच्या मुलानं याच्याशी लढायला हो म्हटलं, ही मोठी गोष्ट झाली. त्याला नाही म्हणता आलं असतं.

---

टेन_स्पोर्ट्सची_पिढी

वस्ताद __/\__

---

कंत्राटी_कामगार

मला यातला इंडिपेंडंट, म्हणजे कुठल्याच एका कंपनीला न बांधलेला, हा भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण त्याच्यावर कुणी बोलत नाही. इंडी रेसलर म्हणजे काय, तर एका शोचे ठरलेले पैसे, गाडीचं पेट्रोल बऱ्याचदा स्वतःचं, चार जण एका गाडीत कोंबून रात्रभर ड्राइव्ह, आणि खरी कमाई टेबलावर, म्हणजे टी-शर्ट, सही केलेले फोटो. खांदा निखळला तर घरी बसा. इन्शुरन्स नाही, पीएफ नाही, युनियन नाही. आणि मजा म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई सुद्धा आपल्या रेसलर्सना कागदावर इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टरच म्हणते, पण दुसरीकडे लढायला बंदी. आमच्या आयटीतल्या कंत्राटी पोरांना हे लगेच कळेल.

यावर केस टाकणाऱ्यांत एक होता ख्रिस कॅनियन. १९७० चाच जन्म, कासांद्रोच्या वयाचा. न्यूयॉर्कच्या क्वीन्सचा. डब्ल्यूसीडब्ल्यू या तेव्हाच्या दुसऱ्या मोठ्या कंपनीत नाव कमावलं, सहकारी म्हणायचे नवे डाव काढण्यात याचा हात धरणारा नाही. सगळी करिअर लपवण्यात गेली. २००६ च्या सुमाराला इंडी रिंगमधे उघडपणे सांगितलं तर लोकांना वाटलं ही पण गिमिकच आहे. या धंद्याचा हा शाप बघा, खरं बोललं तरी पब्लिक म्हणणार स्टोरीलाइन कुठली. २००८ ला रेव्हन आणि माइक सँडर्स या दोन रेसलर्सबरोबर डब्ल्यूडब्ल्यूईवर केस केली की आम्हाला नोकरासारखं वागवता तर नोकराच्या सवलती द्या. कोर्टात टिकली नाही. एप्रिल २०१० मधे त्यानं आत्महत्या केली. चाळीस वर्षांचा होता.

म्हणून मला सिनेमातला कासांद्रो बघताना जरा राग पण येतो. एक माणूस तरला त्याच्यावर सिनेमा निघतो.

---

मनातलं_मनात

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

राधाक्का_सोलापूर

कॅनियनचं वाचून कसंतरी झालं. मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, नातू बघतो म्हणून शेजारी बसते. एक विचारू का, हा डॅरेन यंग पहिला म्हणता तर त्याच्याआधी त्या मोठ्या कंपनीत कुणीच नव्हतं का? एवढे शेकडो माणसं.

---

टेन_स्पोर्ट्सची_पिढी

राधाक्का, होते ना. आणि असा तसा कुणी नाही, पॅट पॅटरसन. माँट्रियलचा. इंटरकॉन्टिनेंटल टायटलचा पहिला चॅम्पियन, १९७९. यात पण विनोद आहे, कंपनीनं जाहीर केलं की त्यानं रिओत टुर्नामेंट जिंकून टायटल मिळवलं, आणि अशी टुर्नामेंट झालीच नव्हती. नंतर रिटायर होऊन पडद्यामागे गेला. रॉयल रंबल तुमचा नातू बघत असेल, तीस जण एकामागून एक रिंगमधे येतात आणि एकमेकांना दोरावरून बाहेर फेकतात, ती आयडिया याची. म्हणजे खासबागच्या पोराच्या भाषेत सांगायचं तर हात कुणाचा वर करायचा हे ठरवणाऱ्या माणसांपैकीच एक गे होता!

धंद्यातल्या सगळ्यांना माहिती होतं. त्याचा जोडीदार लुई, दोघं चाळीस वर्षं एकत्र. लुई १९९८ मधे हार्ट अटॅकनं गेला. पॅटनं सगळ्यांसमोर सांगितलं कधी तर २०१४, एका रिअॅलिटी शोमधे, सत्तरी उलटल्यावर, ढसाढसा रडत. २०२० च्या डिसेंबरमधे गेला.

---

राधाक्का_सोलापूर

चाळीस वर्षं. आणि तो गेल्यावर सोळा वर्षांनी बोलला. बरं. माहितीबद्दल आभार रे, नातवाला सांगते रंबलचं.

---

कोपऱ्यातला

बरेच दिवस वाचनमात्र होतो, या धाग्यासाठी लॉगिन केलं. मी गे आहे, पुण्यात राहतो, रेसलिंगचा फॅन आहे शाळेपासून, हे तिन्ही एका वाक्यात इथं पहिल्यांदाच लिहितोय.

थोडा उलटा सूर लावतो. मला कासांद्रोबद्दल आदर आहे पण तो माझा हीरो नाही. लहानपणी गोल्डडस्ट बघताना पोटात गोळा यायचा, वाटायचं गे म्हणजे हे असं, विग, रंग, समोरच्याला घाबरवायचं. मला तसं काहीच व्हायचं नव्हतं, मला ब्रेट हार्ट व्हायचं होतं, सोंगाढोंगाशिवाय नुसत्या डावांवर लढणारा. वर ट्रम्प कार्ड अंगावर फेकण्याचं लिहिलंय, आमच्या वाड्यात ते कार्ड माझ्याच अंगावर यायचं.

त्यामुळे माझा माणूस अँथनी बोवेन्स. एईडब्ल्यू या डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्पर्धक कंपनीतला, द अक्लेम्ड या जोडीतला. इंडीमधे घासून आलेला. पिसं नाहीत, लिपस्टिक नाही, नॉर्मल रेसलर, टाळीसाठी कात्रीसारखी बोटं पुढे करतो एवढंच काय ते गिमिक. सप्टेंबर २०२२ ला न्यूयॉर्कला आर्थर अॅश स्टेडियममधे त्यांनी टॅग टीमचे पट्टे जिंकले. आणि २०२३ ला एका सीनमधे एक बाई त्याच्याशी लाडीगोडी करायला लागते, तो म्हणतो मी गे आहे, आणि अख्खं पब्लिक ओरडायला लागतं "ही इज गे, ही इज गे", आनंदानं, टाळ्यांच्या तालावर. मी ते हेडफोन लावून तीनदा रिवाइंड केलं. तेच शब्द. मी जे ऐकत मोठा झालो तेच शब्द.

---

खासबागचा_पोर

@कोपऱ्यातला, लिहिलंस ते फार भारी केलंस. आणि मुद्दा मान्य, पण अर्धा. बोवेन्सला साधं राहता आलं कारण आधी कुणीतरी रंगीबेरंगी होऊन शिव्या खाल्ल्या, असं मी म्हणणार होतो, पण ते जरा पाठ्यपुस्तकी होतं. माझं खरं म्हणणं वेगळं आहे. कासांद्रोला साधं राहून लढायचा पर्याय होता, मिस्टर रोमानो होताच की, मुखवट्याआड कुणाला कळलं नसतं. त्यानं तो टाकून झगा घेतला. म्हणजे त्याच्यावर लादलेलं सोंग झगा नव्हता, मुखवटा होता. गोल्डडस्टचं उलटं, तो झगा एका सरळ माणसावर कंपनीनं चढवला होता, गे लोकांची भीती विकायला. बाहेरून दोन्ही सारखेच चमकतात त्यामुळे आपली फसगत होते.

आणि आत्ताच्या इंडीमधे एफी बघ. गुलाबी जाकीट, जाळीचे स्टॉकिंग्ज, मिश्या, हाडामांसाचा रांगडा माणूस. जीसीडब्ल्यू म्हणजे रक्तबंबाळ हार्डकोअर कंपनी, ट्यूबलाइट फोडणारी, तिच्या बॅनरखाली २०२० ला यानं स्वतःच्या नावाचा शो काढला, एफीज बिग गे ब्रंच. म्हणजे हात कुणाचा वर करायचा हे आता तो स्वतः ठरवतो. हे मोठ्या कंपनीत झालं असतं का? कंत्राटी_कामगार म्हणतात ते सगळं खरं, इन्शुरन्स नाही पेन्शन नाही, पण ही एक गोष्ट इंडीतच मिळते.

---

कोपऱ्यातला

मुखवट्याचा मुद्दा डोक्यात आला नव्हता. विचार करतो. तरी माझं मत ब्रेट हार्टच्या बाजूनंच.

एफी मला झेपत नाही :)

---

कंत्राटी_कामगार

@खासबाग, डॅरेन यंगला २०१७ मधे डब्ल्यूडब्ल्यूईनं सोडलं. तो मग आपल्या खऱ्या नावानं, फ्रेड रॉसर म्हणून, न्यू जपान या जपानी कंपनीच्या अमेरिकेतल्या शोमधे लढायला लागला आणि २०२२ ला तिथला स्ट्राँग ओपनवेट पट्टा जिंकला. मोठ्या कंपनीत असताना सगळीकडे मुलाखती, पहिला गे रेसलर वगैरे, पण एकट्याला मोठा पट्टा कधी दिला नाही. म्हणजे तुमची थिअरी बरोबर निघते, मला आवडत नसली तरी.

---

निरर्थक_बडबड

१९९१ ची ती मॅच हरला म्हणता आणि त्यानंच मोठा झाला म्हणता. हे कसं काय? हरला तर हरला. खरंच विचारतोय, टोमणा नाही.

---

खासबागचा_पोर

@निरर्थक, प्रश्न चांगला आहे. लुचामधे मोठी मॅच तीन फेऱ्यांची, ज्याच्या दोन तो जिंकला. पण पब्लिक मोजतं ते वेगळंच. दणकट हीरोला जोकरबरोबर उभा केला की काय करतात, दोन मुके, चार ठुमके, मग आपटला, पाच मिनिटात खेळ खलास. हीरो घामाघूम पण होत नाही. आता तोच हीरो जर एक्सोतिकोचे डाव अंगावर घेऊ लागला, त्याच्या उडीनं रिंगबाहेर पडू लागला, दोरी धरून उठताना वेळ घेऊ लागला, तर पब्लिकला कळतं की हा याला बरोबरीचा मानतो. समोरच्यानं मार कसा खाल्ला त्यावर मारणाऱ्याची किंमत ठरते. सांतोच्या मुलानं ती दिली. आणि ती घ्यायला कासांद्रोच्या अंगात कुस्ती असावी लागते, नुसत्या पिसांवर ते होत नाही. शोधलंस तर त्याच्या नंतरच्या मॅचेस मिळतील, पाय बघ फक्त. समोरच्याच्या मानेला पायांची कात्री घालून गरकन फिरवून फेकतो, आणि उठता उठता केस नीट करतो. केसांचं सोंग आहे. कात्री सोंग नाही.

वस्तादांना यात काय वाटतं ते ऐकायला आवडेल.

---

वस्ताद_निवृत्त

व्हिडिओ नातवानं लावून दिला. कमरेला लवचिक आहे. तोल चांगला आहे, पडताना हनुवटी छातीला लावतो, म्हणजे कुणीतरी नीट शिकवलंय. केस फार आहेत, आमच्याकडे पहिल्या दिवशी कापले असते.

---

डॅलसचा_दिनू

वस्ताद, लुचामधे केसांवर पण पैज लागते! मुखवटेवाला मुखवटा लावतो पणाला, बिनमुखवट्याचा केस. हरला की तिथंच रिंगमधे मशीननं चकोट करतात, पब्लिकसमोर. त्यामुळे केस वाढवणं हे पण भांडवल समजा.

---

वस्ताद_निवृत्त

हे चांगलं आहे. आमच्या कमिटीला सुचवतो.